मीठ कमी नव्हतंच

"मॅडम, माझ्या हातची चव गेली का हो?" इतक्या बायकांनी हे विचारलंय की आता लिहूनच टाकते. जेवत नसतो नवरा, दोष मात्र बाई स्वतःच्या हाताला देते.

नागपूरच्या महाल भागातलं एक जोडपं (ओळख बदललीय). काकांना रिटायर होऊन वर्ष होत आलेलं. पक्के खवय्ये, रविवारी तर्री पोहे ठरलेले, वडाभात असला की दोनदा वाढून घेणारे. आणि आता सहा महिने झाले, काहीही वाढा, "अळणी आहे" म्हणून वरून मीठ, तेही बीपीची गोळी चालू असताना. वजन उतरलेलं, पहाटे चारला जाग. काकू रडत म्हणाल्या, "तीन तीनदा चाखून वाढते जी मी." घरच्यांना वाटत होतं म्हातारपणीचे नखरे.

माझ्याकडे समुपदेशनाला आले तेव्हा पहिली दोन सेशन काका घड्याळ बघत बसले. तिसऱ्यात मी एवढंच विचारलं, मीठ टाकल्यावर बरं लागतं का? बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "नाही. मीठ बरोबर असते, मला माहीत आहे न. पण जिभेपर्यंत काहीतरी पोचलं पाहिजे."

काकूंनी पहिल्यांदा मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. मला त्या क्षणी लख्ख दिसलं की हा माणूस सहा महिने भाजीबद्दल बोलतच नव्हता. त्या पिढीतले पुरुष "मी उदास आहे" म्हणत नाहीत, "चव नाही" म्हणतात, आणि आपण मिठाचा डबा पुढे करतो.

आणि हे नुसतं मनाचं नाही बरं. 2006 मध्ये ब्रिस्टॉल विद्यापीठातल्या संशोधकांनी निरोगी लोकांना सेरोटोनिन वाढवणारं औषध दिलं, तर गोड चव 27 टक्के आणि कडू 53 टक्के कमी प्रमाणातही त्यांना ओळखू आली. म्हणजे मूडशी जोडलेलं रसायन जिभेवरही काम करतं.

आधी मी त्यांना फिजिशियनकडे पाठवलं, कारण थायरॉइड, शुगर, झिंकची कमतरता, काही गोळ्या यांनीही चव जाते. मग सायकियाट्रिस्टचं औषध सुरू झालं. माझ्याकडून होमवर्क एकच, रोज एक घास, आवडला का ते लिहायचं नाही, काय पोचलं ते लिहायचं, गरम, गार, कुरकुरीत, झोंबलं. मन लागेल तेव्हा करू असं म्हणत बसलं तर मन लागत नाही, आधी करावं लागतं, हे मी वर्षानुवर्षं बघतेय.

पाचव्या आठवड्यात वहीत होतं, "संत्रं सोललं. सालीचा फवारा डोळ्यात गेला. झोंबलं. मग वास आला." पुढची ओळ रिकामी, आणि खाली बारीक अक्षरात "आंबट".

मी ते पान काकूंना वाचून दाखवलं.

म्हणून बायांनो, "कसं झालंय?" हे ताटावर बसल्या बसल्या विचारू नका, उत्तर द्यायला त्याच्याकडे काही नसतं. शेजारी बसून जेवा. दोन आठवड्यांच्या वर चव, झोप, रस सगळंच गेलेलं दिसलं तर डॉक्टर गाठा, किंवा टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर फोन करा, फुकट आहे, मराठीतही बोलतात.