'रेशन किट' की 'शिधा'?

लॉकडाऊनमधे वाटलेल्या पिशव्यांना सगळे 'रेशन किट' म्हणायचे, ते बरोबर का, की मराठीत 'शिधा' म्हणायला हवं, असं विचारलंय. माझं मत विचाराल तर शिधा म्हणा, किराण्याची पिशवी म्हणा, पण रेशन नका म्हणू.

हिंदीत राशन म्हणजे घरातलं कुठलंही डाळ-तांदूळ-पीठ, आपण त्याला किराणा नाहीतर वाणसामान म्हणतो. मराठीत रेशन म्हणजे कार्डावरचं. महायुद्धात १९४३ साली मुंबईत रेशनिंग सुरू झालं, तेव्हापासून दुकान, कार्ड आणि माणशी ठरलेलं माप हे सगळं त्या शब्दाला चिकटलंय, विदर्भात तर अजून 'कंट्रोलचे तांदूळ' म्हणतात. आणि क्रियापद बघा ना, रेशन आपण 'उचलतो'. 'या महिन्याचं धान्य उचललं का?' दान कोणी उचलत नाही, आपल्या नावावर ठेवलेलं असतं तेच उचलतात. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने तर तो हक्कच झाला.

शिधा म्हणजे कोरडं, न शिजवलेलं अन्न, पूर्वी ब्राह्मणाला किंवा वाटसरूला द्यायचे, त्याने स्वतः रांधून खायचं. म्हणजे यात देणाऱ्याची मर्जी आली. सरकारी मराठीने याच शब्दातून शिधापत्रिका, शिधावाटप बनवलं खरं, पण बोलताना रेशन कार्डच राहिलं. २०२२ च्या दिवाळीत १०० रुपयांत रवा, साखर, चणाडाळ, पामतेल दिलं त्याला 'आनंदाचा शिधा' म्हटलं, ते नाव मला चपखल वाटतं, कारण ते सणापुरतं होतं, कायद्यातलं नव्हतं.

हा नुसता शब्दांचा कीस नाही हो. एप्रिल २०२० मधे आमच्या गल्लीत आम्ही पिशव्या भरत होतो, बाहेर खडूने 'रेशन किट' लिहिलेलं. एक मावशी प्लास्टिकमधे गुंडाळलेलं कार्ड घेऊन आल्या, म्हणाल्या आम्ही सहा जण, माणशी किती बसतं? त्याच महिन्यापासून केंद्राने माणशी ५ किलो जादा धान्य मोफत सुरू केलं होतं, त्यांना वाटलं ते हेच. म्हणजे सहा जणांचं ३० किलो दुकानात आणि मावशी आमची एक पिशवी घेऊन घरी निघालेल्या. त्यांना थांबवून सांगितलं, मावशी ते वेगळं, ते तुमच्या दुकानात जाऊन उचला, सोडू नका. मग फळा पुसला आणि 'किराणा पिशवी, कार्ड लागत नाही' असं लिहिलं.