कूलंट बिनपाण्याचं, दावा कुणावर?

प्रश्न : माझी गाडी अडीच वर्षांची, कंपनीची वॉरंटी अजून सुरू आहे. मार्चमध्ये नेहमीच्या गॅरेजवाल्याने ‘साहेब, सोलापूरचा उन्हाळा आहे, बिनपाण्याचं कूलंट टाका, उकळत नाही, परत बदलायलाही नको’ असं सांगून ९,५०० रुपये घेतले. मे महिन्यात तुळजापूरच्या घाटात काटा लालवर गेला. गाडी निवल्यावर मेव्हण्यांनी लिटर-लिटरच्या दोन बाटल्या पाणी ओतलं, तरी गाडी ओढेना. कंपनीच्या वर्कशॉपने हेड गॅस्केट (इंजिनाच्या वरच्या भागाखालचं, म्हणजे हेडखालचं सील) गेल्याचं सांगून ८४,००० रुपयांचं एस्टिमेट दिलं, वॉरंटी नाकारली आणि आता रोज ३०० रुपये पार्किंग मागतात. गॅरेजवाला म्हणतो, ‘पाणी तुम्ही ओतलं, माझा संबंध संपला.’ कुणावर दावा करू?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : दाव्याचं नंतर बघू. आधी वर्कशॉपला फोन करून विचारा, रेडिएटर रिकामा केलाय का? नसेल तर करू देऊ नका. तुमचा निम्मा पुरावा त्या चार-पाच लिटर द्रवात आहे. पोऱ्याने ड्रेन प्लग सोडला की तो गटारात जाईल.

इंजिन थंड ठेवणारं हे बिनपाण्याचं कूलंट म्हणजे मुख्यतः ग्लायकॉल आणि गंजरोधक द्रव्यं. त्याचा उत्कलनबिंदू १८० अंशांच्या पुढे असतो, म्हणून ‘उकळत नाही’ हे गॅरेजवाल्याचं म्हणणं खोटं नाही. पण त्याने दोन गोष्टी सांगितल्या नाहीत. एक, आधीच्या साध्या कूलंटमधलं पाणी जवळजवळ पूर्ण काढावं लागतं. साधारण ३ टक्क्यांपेक्षा जास्त पाणी राहिलं तर या कूलंटचा फायदाच जातो. नुसता प्लग सोडून ते निघत नाही, ब्लॉकमध्ये आणि हीटरच्या नळ्यांत साचून राहतं. दोन, उष्णता वाहून नेण्यात ग्लायकॉल पाण्यापेक्षा कमी पडतं. उकळत नाही म्हणजे इंजिन तापत नाही असं नव्हे. उलट साध्या कूलंटची गाडी वाफ सोडून तुम्हाला थांबवते, इथे वाफ दिसायच्या आधीच हेडचं काम तमाम होऊ शकतं. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये जाणूनबुजून माहिती दडवणं हीसुद्धा सेवेतली त्रुटी आहे. तुमचा दावा मुख्यतः इथे उभा राहतो.

आता मेव्हण्यांच्या पाण्याविषयी. ते लपवू नका. उलटतपासणीत निघालं तर बाकीचं खरंही खोटं ठरेल. त्याने तुमची बाजू थोडी पडते, हेही कबूल करतो, कारण आता नमुन्यात पाणी निघणारच. पण ओतलेलं पाणी दोन लिटर, हे ठरलेलं आहे. त्यापेक्षा बरंच जास्त निघालं तर ते आधीचं. मुळात डब्यात खरोखर बिनपाण्याचं कूलंट होतं की रंगीत साधंच, हेही नमुनाच सांगेल. शिवाय काटा आधी लालवर गेला, पाणी नंतर पडलं. इंजिनाच्या संगणकात अतितापमानाचा कोड नोंदला असेल तर वर्कशॉपच्या स्कॅनरची प्रिंट आजच मागून घ्या. डब्यावरच्या सूचनाही वाचा. काही उत्पादक अडचणीच्या वेळी पाणी टाकायला मुभा देतात, फक्त नंतर सगळं बदलायला सांगतात.

नमुना एकट्याने काढू नका. गॅरेजवाल्याला आणि वर्कशॉपला दिवस-वेळ कळवून बोलवा. गॅरेजवाला येणार नाही, पण बोलावल्याचा कागद राहतो. तीन स्वच्छ बाटल्या भरा, लाख लावून सील करा, सह्या घ्या, सगळ्याचं व्हिडिओ शूटिंग करा. हेड उतरवतानाही असंच करा आणि जमल्यास मेकॅनिकलचा एखादा जाणकार प्राध्यापक किंवा सर्व्हेअर समोर ठेवून लेखी अहवाल घ्या. पुढे ग्राहक आयोगालाही त्याच ग्राहक कायद्याच्या कलम ३८ खाली नमुना प्रयोगशाळेत पाठवता येतो. फी तुम्हाला भरावी लागेल.

पक्का टॅक्स बिलाचा कागद तुमच्याकडे नसणार, असं मी धरून चालतो. बहुतेकांकडे नसतो. फोनवरून केलेलं पेमेंट आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं चालतं. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे डिजिटल पुराव्याचं प्रमाणपत्र जोडा. तोवर फोन बदलू नका. आणि बिल न देणं ही कायद्याने अनुचित व्यापारी प्रथाच आहे.

पहिला सामनेवाला, म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार तो, गॅरेजवाला. नमुना बोगस निघाला तर कूलंटची कंपनी दुसरी. गाडीच्या कंपनीला ओढायच्या मी विरोधात आहे. मॅन्युअलमध्ये सांगितलेलं कूलंट सोडून दुसरं टाकल्यावर वॉरंटीचा मुद्दा लंगडा होतो. तरी नकार लेखी मागा, कोणत्या अटीखाली ते नमूद करायला लावा. विम्याचा फेरा टाळा, यांत्रिक बिघाड साध्या पॉलिसीत बसत नाही.

पार्किंगचे ३०० रुपये? करार कायद्याचं कलम १७० कारागिराला केलेल्या कामाच्या मजुरीपुरती वस्तू अडवू देतं, जागाभाड्यासाठी नाही. तपासणीची फी भरा, पावती घ्या, बाकी रक्कम लेखी नाकारा. पण आधी गाडी वर्कशॉपला देताना केलेल्या जॉब कार्डाच्या मागचं बारीक अक्षर वाचा. तिथे दर छापलेला असेल आणि खाली तुमची सही असेल, तर वाद घालण्यापेक्षा गाडी लवकर हलवा.

तक्रार सोलापूरच्या जिल्हा आयोगातच होईल, तुम्ही इथे राहता एवढं पुरे. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. दिलेला मोबदला ५ लाखांच्या आत असल्याने फी शून्य. वकील नसला तरी चालतं, हे माझ्या धंद्याला न शोभणारं वाक्य आहे, पण खरं आहे. आधी पंधरा दिवसांची नोटीस स्पीड पोस्टाने पाठवा. तिच्यात दुरुस्ती, टोइंग आणि ९,५०० मागा. मानसिक त्रासाचे पाच-दहा लाख लिहू नका, आयोग हसतो.

नोटीस मिळाल्यावर गॅरेजवाला निम्म्या खर्चाला तयार झाला, तर मेव्हण्यांच्या दोन बाटल्या लक्षात घेता मी तरी घेईन. पाचशेच्या स्टॅम्पवर लिहून घ्या आणि पैसे खात्यात पडेपर्यंत त्या तीन बाटल्या कपाटातून हलवू नका.