दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर काम करायचंय? आधी हे करून ठेवा

सगळ्यात जास्त अडतं ते लॉगिनपाशी. नव्या मशीनवरून शिरताना मेल ओटीपी मागतो आणि तुमचं सिम नेमकं बंद असतं. म्हणून निघण्यापूर्वी गूगल खात्याचे बॅकअप कोड (ओटीपीऐवजी टाकता येणारे आकडे) काढून कागदावर लिहून घ्या. १० कोड मिळतात, प्रत्येक एकदाच चालतो. कागद पाकिटात ठेवा, पेनड्राइव्हमध्ये नको.

पासवर्ड 'चुकीचा' आला तर लगेच बदलायला धावू नका, आधी कीबोर्ड बघा. जर्मन मांडणीत वाय आणि झेडची अदलाबदल असते, फ्रेंचमध्ये ए आणि क्यूची. ॲट हे चिन्हही जागेवर नसतं. विंडोजमध्ये विंडोज की आणि स्पेसबार एकत्र दाबला की मांडणी बदलते, पण ती आधी जोडलेली असेल तरच. मराठीसाठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड (भारतीय भाषांची प्रमाण मांडणी) विंडोजमध्येच असतो, सेटिंग्जमधून भाषा जोडायची. मालकाला विचारून, अर्थात!

पेनड्राइव्ह एक्सफॅटमध्ये (विंडोज आणि मॅक दोन्हींवर चालणारी फाइल साठवण्याची पद्धत) फॉरमॅट करा. एनटीएफएस ही विंडोजची पद्धत असेल तर मॅक फाइल वाचतो पण लिहू देत नाही. फॅट३२ या जुन्या पद्धतीवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही.

इन्कॉग्निटोवर, म्हणजे ब्राउझरच्या खासगी विंडोवर, फार विसंबू नका. हिस्टरी राहत नाही, पण डाउनलोड केलेली फाइल तिथेच पडून राहते. ती शिफ्ट-डिलीटने काढा. कीलॉगर (दाबलेली प्रत्येक की टिपणारा छुपा प्रोग्राम) असेल तर इन्कॉग्निटोचा काहीच उपयोग नाही, त्यामुळे बँकेचं काम अशा मशीनवर नकोच. लॉगआउट विसरलात तर फोनवरून खात्याच्या डिव्हाइस यादीत जाऊन ते मशीन काढून टाका.