कॅम्लूप्सला यायचं म्हणताय?

तुम्ही लिहिलंय की नवऱ्याला कॅनडात कॅम्लूप्सला नोकरी मिळतेय, मुलगा आठ वर्षांचा, सध्या घर नाशिकला इंदिरानगरात आणि दोघांनाही ट्रेकचं वेड. लाखभर वस्तीचं गाव, डोंगर, नद्या, तळी, सगळं छान दिसतंय, पण वणव्यांचं ऐकून धाकधूक होतेय. राहण्यासारखं आहे का, एकटेपणा येतो का?

व्हिसा, पॉइंट, पगार हे सरकारी साइटवर मिळेल, त्यात मी पडत नाही. मी मूळची पंचवटीची. तुमचा प्रश्न वाचल्यापासून तो डोक्यातून जाईना, म्हणून बसलेय लिहायला.

आधी चांगलं. केना कार्टराइट पार्क गावातच आहे, 40 किलोमीटरहून जास्त पायवाटा. जूनमध्ये रात्री नऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे ऑफिस सुटल्यावरही डोंगरावर जाता येतं. मात्र हिरवागार कॅनडा डोक्यात असेल तर तो काढून टाका. वर्षाचा पाऊस आणि बर्फ मिळून जेमतेम 280 मिलिमीटरच्या आसपास. उन्हाळा लागला की टेकड्या एप्रिलमधल्या चांदवडच्या डोंगरांसारख्या पिवळ्या पडतात. रामशेज-हरिहरसारखा किल्ला नाही, पायथ्याला चहाची टपरी नाही. हिवाळ्यात स्कीइंगला सन पीक्स तासाभरावर, पण ते खिशाला जड. स्टेक लेकला सपाटीवरचं स्कीइंग त्या मानाने स्वस्त पडतं. ऑक्टोबरात अ‍ॅडम्स नदीत लालभडक सामन मासे अंडी घालायला चढून येतात. दर चार वर्षांनी मोठी लाट असते, 2022, 2026 अशी. ते मात्र बघाच.

आता उन्हाळा. आपल्याकडे पूर येतो तो डोळ्यांना दिसतो. गंगापूर धरणातून पाणी सोडलं, दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला आलं, सराफ बाजाराकडे सरकलं, आणि आपण होळकर पुलावर उभं राहून ते मोजतो. ओसरला की गाळ काढून दुकानं उघडतात. धुराचं तसं नाही. वणवा शेकडो किलोमीटरवरही असू शकतो, आणि धूर येऊन या दरीत बसतो. सकाळी उठल्यावर मी आधी खिडकीतून नदीपलीकडचा माउंट पॉल दिसतो का बघते. कडा पुसट असतील तर कुत्र्याला कोपऱ्यापर्यंतच न्यायचं. डोंगरच नसेल तर खिडक्या बंद, हवा शुद्ध करायचं यंत्र चालू आणि मुलगी घरात. हवेचा निर्देशांक 1 ते 10 असतो, त्यावर गेलं की नुसतं 10+ लिहितात. दर वर्षी असं होत नाही. पण 2017, 2018, 2021, 2023 आठवा म्हटलं की इथली माणसं मान हलवतात. आणि ज्या जुलै-ऑगस्टसाठी माणूस हे गाव निवडतो, नेमके तेच महिने हातचे जातात. जंगलात शेकोटीला बंदी, कधी पायवाटाही बंद. ट्रेक करायचे ते एप्रिल ते जून आणि मग सप्टेंबरअखेर.

2021 चं वेगळं सांगते. 29 जूनला इथे 47.3 अंश होते. नाशिकलाही मी असं ऊन पाहिलेलं नाही. त्याच दिवशी दीड-दोन तासांवरच्या लिटनला 49.6 नोंदलं गेलं आणि दुसऱ्या दिवशी ते गाव जळालं. त्या उष्णतेच्या लाटेत आमच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात 619 माणसं गेली, बहुतेक घरातच. घरं थंडी अडवायला बांधलेली, एसी नाही. नोव्हेंबरात उलटं झालं: एवढा पाऊस पडला की मेरिट गाव रिकामं करावं लागलं, व्हँकुव्हरकडे जाणारे रस्ते आणि रेल्वे तुटली. म्हणून घर बघताना स्वयंपाकघराच्या आधी एसी विचारा. तळघर मिळालं तर उन्हाळ्यात तेच गार असतं. भाड्याच्या घराचाही विमा आल्याआल्या उतरवा. वणवा जवळ पेटला की कंपन्या नवी पॉलिसी देत नाहीत. 'अलर्ट' म्हणजे पिशवी भरून तयार राहायचं, 'ऑर्डर' म्हणजे लगेच निघायचं. आमची पिशवी जूनपासून दाराशी असते, पासपोर्ट आणि मुलीचा इनहेलर वर.

कागदांचं एकच. माझ्या शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, मधे कुठे वडील तर कुठे नवरा, आणि मुलीच्या जन्मदाखल्यावर तिसरंच. ही एकच बाई आहे हे पटवता पटवता माझा जीव मेटाकुटीला आला. राजपत्र, प्रतिज्ञापत्र, जे काय करायचं ते नाशिकमध्येच करून या. इथून आपल्या भावाला कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवायला लावणं वाईट दिसतं. मी लावल्यात.

मुलाच्या शाळेचं जरा बघा. आमची नाशिकला इंग्रजी माध्यमातली, जाडजूड पुस्तकं वाचणारी. इथे चाचणीच्या दिवशी प्रवासाच्या शिणाने गप्प बसली आणि शिक्का बसला, इंग्रजी कच्चं. जादा तासाला तिला वर्गातून उठवायचे ते नेमकं विज्ञानाच्या वेळी. मी भेटायला गेले तर बाई इतकं गोड बोलल्या की भांडताही येईना. त्यात पहिल्याच सप्टेंबरात धूर, मधल्या सुट्टीत मुलं आतच. बाहेर खेळताना मैत्री होते, ती झालीच नाही. घरी येऊन म्हणायची, "आई, पांडवलेणीला जाऊ या." ती ते सगळं केव्हाच विसरली. माझं अजून जळतं.

एकटेपणाचं विचारलंय. असतो. डिसेंबरात दिवस आठ तासांचा, तेव्हा जास्त असतो. पुढे.

पावसाळ्यात मी अजून रोज गंगापूर धरणाचा विसर्ग बघते. आईबाबा पंचवटीत तळमजल्यावर. एकाच फोनवर तिथले क्युसेक आणि इथला धुराचा आकडा. नवरा म्हणतो, दोन्हीकडची काळजी करायला पगार मिळत नाही. त्याला इथेच राहायचंय, मुलीलाही. ती स्कीइंग करते, उन्हाळा घरात काढायला कुरकुरत नाही. माझं अजून ठरत नाही, आणि तुम्हाला "या" म्हणू की "नको" तेही त्यामुळेच ठरत नाही.

मुलाला दम्याचा त्रास असेल तर मात्र मी स्पष्ट नको म्हणेन. नसेल, आणि कंपनीने आधी बघून जायला तिकीट दिलं, तर मेमध्ये येऊ नका, तेव्हा हे गाव कोणालाही आवडतं. ऑगस्टात या. आमच्याकडेच उतरा, एसी आहे.