वळ दिसला, तर कोणाला सांगायचे?

प्रश्न : मी लहान मुलांचा चित्रकलेचा वर्ग घेते. वर्गातील सात वर्षांच्या एका मुलाच्या दंडाच्या आतल्या बाजूला गेल्या महिन्यात दोनदा काळेनिळे डाग दिसले. सायकलवरून पडलो, असे तो म्हणाला. दारावर आपटला, असे आईने सांगितले. वडील न्यायला आले की तो एकदम गप्प होतो. पालकांशी थेट बोलावे, की मुलाला विश्वासात घेऊन विचारावे? माझा अंदाज चुकला, तर एका घराची उगाच बदनामी होईल, याची धास्ती वाटते. – एक वाचक

उत्तर : तुमच्या पत्रातील सर्वांत बोलकी गोष्ट म्हणजे त्या डागांची जागा. खेळतापळताना मुलांना लागते ते बहुधा हाडाच्या उंचवट्यांवर, म्हणजे गुडघा, नडगी, कोपर, कपाळ येथे. दंडाची आतली बाजू, कान, मान, पोट आणि मांडीची मागची बाजू पडताना सहसा वाचतात. दंड आवळून धरला असेल, तर बोटांचे लहान गोल डाग जवळजवळ उमटतात; दुमडलेल्या वायरीचा फटका टोकाशी वळलेला, फासासारखा वळ ठेवून जातो. चार महिन्यांपर्यंतच्या बाळाच्या अंगावर तर मुक्या माराची कोणतीही खूण दिसली, तरी त्याला डॉक्टरांकडे न्यायलाच हवे, कारण जे बाळ अजून रांगतही नाही, ते स्वतःहून कशावर आपटणार? डागाच्या रंगावरून तो किती दिवसांचा आहे हे ठरवण्याचा मोह मात्र टाळावा. डॉक्टरांनाही ते खात्रीने सांगता येत नाही.

एका डागाने काहीच सिद्ध होत नाही. काही मुलांना रक्ताच्या विकारामुळे जरा लागले तरी डाग पडतात. परंतु एकाच जागी पुन्हा डाग, दोघांच्या दोन हकिकती आणि मुलाचे गप्प होणे या तीन गोष्टी एकत्र आल्यामुळे तुमचा संशय रास्त ठरतो. हेळसांड ओळखणे याहून अवघड असते, कारण ती एका दिवसात दिसत नाही : ठणकणारा दात महिनोन्‌महिने तसाच राहतो, मूल सतत भुकेले येते, वर्ग सुटल्यावर तासभर कोणी न्यायला येत नाही. तिथे गरिबी आणि हेळसांड यांची गल्लत करू नये. अंगावरचे कपडे विटलेले असूनही ज्याची नीट काळजी घेतली जाते, अशी मुले पुष्कळ असतात.

मुलाला विश्वासात घेऊन विचारण्याची कल्पना चांगली वाटते, पण त्यात धोका आहे. ‘बाबांनी मारले का?’ असा प्रश्न उत्तर सुचवतो, आणि पुढे तपास करणाऱ्यांना मुलाच्या स्वतःच्या शब्दांवर विसंबून राहणे कठीण होते. ‘हे कसे झाले?’ एवढेच एकदा विचारावे. ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचन देऊ नये, कारण ते तुम्हाला मोडावे लागेल. तो बोललाच, तर शांतपणे ऐकून घ्यावे, ‘तू सांगितलेस ते बरे झाले, यात तुझी चूक नाही’ असे म्हणावे, आणि त्याचे शब्द जसेच्या तसे, तारीख व वेळ घालून त्याच दिवशी लिहून ठेवावेत. तुमचा निष्कर्ष त्यात मिसळू नये. कपडे बाजूला करून खुणा शोधू नयेत. पालकांना जाब विचारणेही टाळावे. त्याची शिक्षा घरी त्या मुलालाच भोगावी लागू शकते, आणि मूल वर्गात येणेच बंद होऊ शकते.

आपली भीती नवी नाही. १९६२ मध्ये सी. हेन्री केम्प या बालरोगतज्ज्ञांनी सहकाऱ्यांसह मारहाण झालेल्या बालकांवर जो गाजलेला लेख लिहिला, त्यात आईवडील असे करू शकतात हे मानायला डॉक्टरही तयार नसतात, असे नोंदवले होते. त्यानंतर काही वर्षांतच अमेरिकेतील राज्यांनी असा संशय कळवण्याबाबतचे कायदे केले. असे कायदे आज अनेक देशांत आहेत. त्यांत सहसा खात्री नव्हे, तर रास्त संशय पुरेसा असतो, आणि सद्‌हेतूने कळवणाऱ्याला बहुधा संरक्षणही मिळते. शहानिशा करणे प्रशिक्षित माणसांचे काम आहे. म्हणून तुमच्या भागातील बालसंरक्षण यंत्रणेला, मुलांच्या हेल्पलाइनला किंवा पोलिसांना कळवावे. जीवाला धोका वाटला, तर क्षणभरही न थांबता पोलिसांनाच. वर्ग एखाद्या संस्थेचा असेल, तर प्रमुखांना सांगावे, पण प्रमुखांना सांगितले म्हणजे आपली जबाबदारी संपली, असे धरू नये.

कळवल्यावर पुढे काय झाले हे तुम्हाला बहुधा सांगितले जाणार नाही. त्यानंतर नवी खूण दिसली, तर ती नवी नोंद समजून पुन्हा कळवावे.