जागा बदललेल्या जिओकॅशची नोंद: जुनीच ठेवावी की नवी करावी?

प्रश्न : स. न. वि. वि. आम्ही अमेरिकेत ऑरेगन राज्यात, पोर्टलंडजवळच्या बीव्हर्टन येथे राहतो. काही वर्षांपूर्वी मी आणि माझ्या मुलीने घराजवळच्या उद्यानात, डांबरी पायवाटेलगतच्या एका जुन्या बुंध्याच्या पोकळीत, रीतसर परवानगी घेऊन एक जिओकॅश, म्हणजे अक्षांश-रेखांशांवरून इतरांनी शोधून काढायचा लपवलेला डबा, ठेवला होता. अलीकडे वाट रुंद करताना तो बुंधा काढण्यात आला. डबा सुखरूप परत मिळाला असून ओढ्यापलीकडच्या उतारावर, जुन्या ठिकाणापासून सुमारे 240 मीटरवर, एक चांगली जागा आम्ही हेरली आहे. संकेतस्थळावरच्या त्याच्या जुन्या नोंदीवर शेकडो लोकांनी लिहिलेले अनुभव आहेत, शोधकांनी पसंतीखातर दिलेले फेव्हरिट पॉइंट आहेत आणि मुलीने लहानपणी लिहिलेले वर्णनही आहे. काही मित्र म्हणतात की त्याच नोंदीतले अक्षांश-रेखांश बदलावेत, तर काहींच्या मते ती अर्काइव्ह (म्हणजे कायमची बंद) करून नवी नोंद करावी. अर्काइव्ह केल्यास लोकांचे शोध पुसले जातील का? आम्ही काय करावे?
— एक वाचक, बीव्हर्टन

उत्तर : आपल्या शेवटच्या शंकेचे उत्तर आधी देतो, कारण निर्णय अडतो तो बहुधा तिथेच. नोंद अर्काइव्ह केली म्हणजे ती नाहीशी होत नाही. नकाशावरून आणि शोधयादीतून ती हटते, परंतु तिचे पान, त्यावरचे सगळे अनुभव, छायाचित्रे आणि आपल्या मुलीचे वर्णन जागेवर राहते, आणि ज्यांना तो डबा सापडला त्यांच्या एकूण शोधांतून एकही शोध वजा होत नाही. तेव्हा जुनी नोंद चालू ठेवणे हाच आठवणी जपण्याचा एकमेव मार्ग आहे, ही समजूत मनातून काढून टाकावी.

आता अंतराचा नियम पाहू. जिओकॅशिंग डॉट कॉम या छंदाच्या संकेतस्थळावर डब्याच्या मालकाला स्वतःच्या अधिकारात अक्षांश-रेखांश बदलता येतात ते 161 मीटरपर्यंत, म्हणजे 528 फूट किंवा एक दशांश मैलापर्यंत. त्याहून लांब सरकवायचे असेल, तर आपल्या भागाच्या रिव्ह्यूअरला, म्हणजे नोंदी तपासणाऱ्या स्वयंसेवकाला, लिहावे लागते आणि बदल मोठा असेल तर तो नवीन नोंद करण्यास सांगतो. आपले 240 मीटर या मर्यादेपलीकडचे आहेत. टप्प्याटप्प्याने दोनदा सरकवून ही मर्यादा ओलांडण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो कृपया मानू नये. अक्षांश-रेखांशांतला प्रत्येक बदल पानावर सर्वांना दिसेल असा नोंदला जातो आणि नियमाचा हेतू त्यातून सरळच मोडतो.

परंतु केवळ मीटर मोजून हा प्रश्न सोडवावा असे मला वाटत नाही. डबा 150 मीटरच सरकला असता, तरीही माझा पहिला प्रश्न हाच असता की ज्याला जुना डबा सापडला होता, त्याला नवा डबा सापडल्यासारखे आहे का? नवीन जागी जाणारा माणूस तीच वाट चालणार असेल, त्याच ओढ्याच्या त्याच काठावर थांबणार असेल आणि फक्त बुंध्याऐवजी शेजारच्या खडकामागे हात घालणार असेल, तर तो शोध तोच आहे आणि नोंदही तीच राहावी. आपल्या बाबतीत मात्र सपाट डांबरी वाटेच्या जागी ओढ्यापलीकडचा उतार आला आहे. पूर्वी तिथे लहान मुलाची गाडी ढकलत जाता येत असे, आता पाय जपून टाकावे लागतील. म्हणजे शोध बदलला.

येथे एक बाब नवख्या मालकांच्या सहसा लक्षात येत नाही. प्रत्येक नोंदीला शोधाची आणि वाटेची अशा दोन काठिण्यपातळ्या असतात, दोन्ही 1 ते 5 पर्यंत अर्ध्या-अर्ध्या अंकाने चढत जाणाऱ्या. त्यातून 81 जोड्या तयार होतात आणि अनेक शोधक त्या सगळ्या पुऱ्या करण्यासाठी वर्षानुवर्षे झटतात. आपण नोंद तीच ठेवून वाटेची पातळी दीडवरून तीनवर नेली, तर पूर्वी सपाट वाटेने येऊन गेलेल्या सगळ्यांच्या आकडेवारीतही तो बदल आपोआप होतो. जो उतार त्यांनी कधी पाहिलाही नाही, तो चढल्याची नोंद त्यांच्या नावावर लागते, आणि ज्याची जुनी जोडी नेमक्या याच डब्याने पुरी झाली होती त्याच्या तक्त्यातला चौकोन रिकामा होतो. पातळी न बदलावी, तर नव्याने येणाऱ्याची दिशाभूल होते. ही कोंडी पडली की नवीन नोंद करण्याची वेळ आली, असे खुशाल समजावे.

डबा म्हणजे जिओकॅश नव्हे, हे सांगण्यासाठी कॅन्सस राज्यातील ‘मिंगो’चे उदाहरण देतो. तो 11 मे 2000 रोजी ठेवला गेला आणि आज चालू असलेल्या नोंदींत सर्वांत जुना मानला जातो. त्याचा डबा बदलावा लागला, तरी ठिकाण तेच राहिल्यामुळे कोणी नोंद बदला म्हटले नाही. आपल्याकडे याच्या अगदी उलट घडले आहे: डबा तोच, ठिकाण दुसरे. आपण ज्या राज्यात राहता तेथेच, बीव्हरक्रीकजवळ, 3 मे 2000 रोजी या छंदाचा पहिला डबा ठेवला गेला, तोही उपग्रहांच्या संकेतांतली मुद्दाम ठेवलेली अस्पष्टता अमेरिकी सरकारने काढून टाकल्यानंतर अवघ्या एका दिवसात. अचूक ठिकाण प्रथमच सामान्य माणसाच्या हाती आले म्हणून हा छंद जन्मला. त्यामुळे ठिकाण हाच त्याचा गाभा आहे, असे मी मनापासून मानतो.

नोंदीवरची तारीखही विचारात घ्यावी. मे 2000 पासूनच्या प्रत्येक महिन्यात ठेवलेला किमान एक जिओकॅश शोधण्याचे व्रत घेतलेले लोक जगभर आहेत आणि जुन्या तारखेसाठी ते लांबचा प्रवास करतात. पूर्णपणे नव्या ठिकाणावर जुनी तारीख मिरवणे त्यांच्या दृष्टीने न्याय्य नाही. शिवाय एका नोंदीवर एका व्यक्तीचा एकच शोध गणला जातो. आपण केवळ आकडे बदलले, तर पूर्वी येऊन गेलेल्या शेजाऱ्यांना नव्या उतारावर येण्याचे काही निमित्त उरणार नाही; नवी नोंद केली तर तेच लोक पुन्हा आनंदाने येतील, आणि प्रथम शोधकाचा मान मिळवण्यासाठी कदाचित पहाटेच येतील.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे: जुनी नोंद अर्काइव्ह करावी आणि नवी करावी. मात्र घाईने अर्काइव्हची कळ दाबू नये, कारण ती नोंद पुन्हा उघडणे आपल्या हाती राहत नाही. रिव्ह्यूअरच ती उघडू शकतो, आणि तेही नियमांत बसत असेल तरच. सध्या ती तात्पुरती बंद ठेवावी आणि पुढे काय करणार आहात ते पानावर लिहावे. त्यानंतर नव्या जागेची परवानगी घ्यावी. पायवाटेलगतची जुनी परवानगी पलीकडच्या उताराला लागू होते असे गृहीत धरू नये, कारण ओढ्याकाठचा भाग बहुतेक वेळा झाडोऱ्यासाठी आणि प्राण्यांसाठी राखलेला असतो आणि तेथे वाट सोडून जाणेच निषिद्ध असू शकते. तसे असेल तर ती जागा सोडून द्यावी, मग ती कितीही मनात भरलेली असो.

परवानगी मिळाली तरी डबा पक्का करण्यापूर्वी ते ठिकाण मोकळे आहे का, हे रिव्ह्यूअरकडून तपासून घ्यावे. दोन जिओकॅशच्या डब्यांत किमान 161 मीटर अंतर हवे असते आणि इतरांच्या कोडे-कॅशचे (ज्यांचे खरे ठिकाण कोडे सोडवल्यावरच कळते) किंवा अनेक टप्प्यांच्या कॅशचे छुपे डबे नकाशावर आपल्याला दिसत नाहीत. ते फक्त रिव्ह्यूअरला दिसतात. सगळे जुळल्यावर नवे पान लिहावे, त्यात जुन्या नोंदीचा संकेतांक द्यावा आणि जुन्या पानावरच्या अखेरच्या टिपणीत नव्या नोंदीचा दुवा द्यावा. डबा तोच वापरणार असाल तरी लॉगबुक, म्हणजे शोधकांनी नाव लिहायची वही, मात्र नवे ठेवावे. डब्यात कोणाचे ट्रॅव्हल बग (एका डब्यातून दुसऱ्या डब्यात प्रवास करणाऱ्या, क्रमांक असलेल्या वस्तू) अडकले असतील, तर ते लगेच दुसऱ्या एखाद्या जिओकॅशमध्ये मार्गस्थ करावेत. आणि नव्या पानावरचे वर्णन आता मोठ्या झालेल्या आपल्या मुलीनेच लिहावे, असे सुचवावेसे वाटते.

प्रश्न : माझ्या कोडे-कॅशचा अंतिम डबा 60 मीटर हलवावा लागला आहे. पानावर दिसणारे अक्षांश-रेखांश तर खोटेच असतात. मग बदल नेमका कोठे करावा?
— एक वाचक, म्युनिक

उत्तर : पानावरचा वरचा बिंदू बदलण्याची गरज नाही, अंतिम ठिकाणाचा छुपा बिंदू तेवढा सुधारावा आणि नवा डबा दर्शनी बिंदूपासून सुमारे 3.2 किलोमीटरच्या आत राहतो आहे याची खात्री करावी. खरी काळजी घ्यावी लागते ती कोडे सोडवून ठेवलेल्या, परंतु अद्याप न गेलेल्या लोकांची. त्यांच्या यंत्रात जुने उत्तर साठवलेले असते आणि ते बिचारे रिकाम्या जागी तासभर शोधत बसतात. कोड्याच्या शेवटी उत्तरेच्या आणि पूर्वेच्या आकड्यांत अमुक इतकी बेरीज करावी, अशी एक पायरी जोडता येते. मिनिटाच्या तिसऱ्या दशांश स्थळावरचा एक अंक अक्षांशात सुमारे 1.85 मीटर भरतो, त्यावरून हिशेब होईल. उत्तर पडताळण्याची सोय दिली असेल तर तिथलेही उत्तर त्याच दिवशी बदलावे. शेवटी ‘अंतिम ठिकाण हलवले आहे, उत्तर पुन्हा तपासा’ अशी टीप नोंदवावी, म्हणजे ते पान लक्षयादीत ठेवलेल्यांना ती ई-मेलने पोहोचेल. बेरजेची पायरी बसत नसेल आणि कोडेच नव्याने रचावे लागणार असेल, तर तो जिओकॅश नवा झाला. त्याची नोंदही नवी करावी.

प्रश्न : आम्ही इंग्लंडहून कायमचे पुण्याला परत येत आहोत. तेथील चार जिओकॅशचे काय करावे?
— एक वाचक, रेडिंग

उत्तर : जवळचा एखादा विश्वासू शोधक तयार असेल तर ते त्याला दत्तक द्यावेत. संकेतांक, मूळ तारीख आणि सगळे अनुभव तसेच राहतात, फक्त मालक बदलतो. ही विनंती सध्याच्या मालकानेच करावी लागते आणि अर्काइव्ह झालेली नोंद दत्तक देता येत नाही, म्हणून हे काम निघण्यापूर्वी उरकावे. जमीनमालकाच्या परवानगीची पत्रे आणि डबा कसा लपवला आहे याची माहिती नव्या मालकाला सोपवावी. ज्या डब्यांना कोणी वाली मिळणार नाही, ते स्वतः जाऊन उचलून आणावेत आणि मगच त्यांच्या नोंदी अर्काइव्ह कराव्यात.