इनलेसाठी (बाहेर तयार करून दातात बसवायच्या भरणासाठी) दात साध्या फिलिंगपेक्षा वेगळा का कोरतात?

साध्या फिलिंगची चांदी (अमाल्गम) मऊ असतानाच खड्ड्यात दाबून भरतात आणि ती आतच कडक होते. म्हणून तो खड्डा तोंडाशी किंचित अरुंद ठेवतात, म्हणजे भरलेलं निसटत नाही. इनले मात्र बाहेर तयार होऊन येतो. तो एकाच दिशेने सरळ आत बसायला हवा, त्यामुळे भिंती वरच्या बाजूला थोड्या उघडत्या लागतात. सोन्याच्या इनलेला प्रत्येक भिंतीचा 2 ते 5 अंश उतार पुरतो, सिरॅमिकला जास्त द्यावा लागतो. मधे कुठे खाच राहिलीच, तर ती कोरून सरळ करण्यापेक्षा काँपोझिटने (दाताच्या रंगाच्या रेझिनने) बुजवलेली कधीही चांगली. चांगला दात वाचतो.

सिरॅमिक ठिसूळ असतं. त्याला साधारण 1.5 ते 2 मिमी जाडी हवीच, आणि आतले कोपरे गोलसर हवेत. धारदार कोपऱ्यावर ताण साचतो आणि तडा तिथूनच जातो. सोन्याच्या कडेला बेव्हल (तिरका उतार) देतात, सिरॅमिकला अजिबात देऊ नये, कारण पातळ कड चावताना तुटते.

उरलेल्या भिंती फारच पातळ असतील तर इनलेचा हट्ट धरू नका. डॉक्टरांना ऑनलेबद्दल (दाताचे उंचवटेही झाकणाऱ्या मोठ्या इनलेबद्दल) विचारा.